‘ब’ विंगची लाईट परत गेली

(सोसायटीचा ग्रुप, लातूर. मंगळवार, रात्री ८.१२ पासून)

*ब-२०१ काकू:* परत एमसीबी उडाला. आठवड्यात तिसऱ्यांदा. ह्यांच्या दंडाला बीपीचं मशीन आन् घरात अमावस्या. वरच्या पोरांनी मायक्रोवेव्ह लावला की आमचा अंधार. सेक्रेटरी साहेब, ग्रुप बगायलेत का नुसतं शुभ सकाळ टाकायला ठेवलाय?

*सेक्रेटरी:* नमस्कार काकू. वायरमनला फोन केला आहे. सर्वांनी सहकार्य करावे 🙏

*अ-१०२ अप्पा:* वायरिंग बदलल्याशिवाय हे थांबणार नाही. २०२२ च्या सभेत मी बोललो होतो.

*ब-३०४ नीटवाले:* सॉरी काकू. मेसचा डबा सातला येतो, आम्ही क्लासवरून आठला. गार वरण खाववत नाही म्हणून फक्त दोन मिनिटं लावतो.

*क-१०३ भाऊ:* आन् शेजारी इंडक्शनवर मॅगी. खरं सांगा 😂

*ब-३०४ नीटवाले:* हाव काका 🙈

*क-१०३ भाऊ:* बगा, मायक्रोवेव्हवर ८०० वॅट लिहिलेलं असतं ते आतल्या गरमीचं. बोर्डातून तो बाराशेच्या आसपास ओढतो. इंडक्शन दोन हजाराची. दोन्ही एकदम लावल्यावर वायरीनं करावं काय?

*अ-१०२ अप्पा:* तेच म्हणतोय. वायरिंग. २०२२.

*क-२०२:* २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आता लाईट मागवा 😆

*अ-३०१ आजी:* (आजी सांगायलीय, नात टाइप करतेय) पोरांनो, त्या डब्याचा नाद सोडा. सकाळी जाताना तुरीची डाळ भिजू घाला. संध्याकाळी कुकरात खाली डाळ, वर तांदळाचा डबा. शिट्ट्या झाल्या की बंद करायचं, वाफ आपोआप जिरू द्यायची, उघडायची घाई नाही. वरणाला वरून लसणाची फोडणी. डाळ भिजवायची विसरलात तर मसूर लावा, ती लवकर शिजते. आन् तेवढाही कंटाळा आला तर सुशीला. चुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वरून डाळव्याचा कूट. पाच मिनिटं.

*ब-२०१ काकू:* आमच्या परभणीकडं दाण्याचा कूट घालतात.

*अ-३०१ आजी:* घालू देत. त्याला मग सुशीला म्हणू नये.

*ब-२०१ काकू:* वा! माझी आई चाळीस वर्षं चुकीचं खाऊ घालत होती तर 🙏

*क-२०२:* स्वयंपाक राहू द्या. ३०४ चा मेंटेनन्स किती महिन्यांचा थकलाय? मालक पुण्यात मजेत.

*सेक्रेटरी:* कृपया विषय भरकटवू नये.

*क-२०२:* मेंटेनन्स म्हणलं की तो भरकटतोच.

*ब-३०४ नीटवाले:* आजी, शिळ्या पोळ्या गरम कशा करायच्या? आमच्या वातड होतात.

*अ-३०१ आजी:* मायक्रोवेव्हमध्ये होणारच. पाण्याचा हात लावून तव्यावर टाका. लैच वाळल्या तर कुस्करून कांद्याची फोडणी द्या. आन् शेंगदाण्याची चटणी भरून ठेवा, तिला काय गरम करायचं नसतं.

*ब-३०४ नीटवाले:* कुकर नाही आमच्याकडं.

*क-१०३ भाऊ:* कोणताही उचलून आणू नका. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा चालत नाही, बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. नाहीतर ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या, ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत.

*सेक्रेटरी:* भाडेकरूंनी सिलिंडर आणण्यापूर्वी कमिटीस लेखी कळवावे.

*क-२०२:* कमिटी आहे होय? 😄

*अ-१०२ अप्पा:* वायरिंगवर कोणी बोलतच नाही. २०२२ चं इतिवृत्त काढा.

*ब-२०१ काकू:* लाईट आली. फ्रिजवरचा चुंबक लावून बगितला, माझ्या जुन्या कुकरला चिकटतोय. ३०४, येऊन न्या. रिंग जपा, नवी टाकलीय. कुकर चालू असताना तो मायक्रोवेव्ह मात्र बंद. आन् सुशीलेत दाण्याचाच कूट घाला.