बाबांच्या निकॉनच्या लेन्स आहेत, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) कुठली घेऊ? की कॅमेरेवाल्यांचा जमानाच संपलाय?

रानभूल: मंडळी, सल्ला हवाय. कपाट आवरताना बाबांचा रोलवाला निकॉन एफ८० सापडला, सोबत ५० एमएम १.८ डी आणि ७०-३०० जी अशा दोन लेन्स. मागच्या महिन्यात भिगवणला होडीतून फ्लेमिंगोंचे फोटो मोबाईलवर काढले, घरी येऊन झूम केलं तर पक्षी कुठला आणि पाणी कुठलं, सगळा गुलाबी चिखल. म्हणून कॅमेरा घ्यायचाय, बजेट साठेक हजार. भाऊ म्हणतो जुन्या कंपन्या रोलवाल्या कोडॅकच्या वाटेने जाणार, म्हणजे बुडणार, घ्यायचा तर सोनी घे. खरं आहे का?

जुनारोल: कोडॅकचं उदाहरण जो तो देतो, पण डिजिटल कॅमेरा त्यांच्याच स्टीव्ह सॅसनने १९७५ मध्ये बनवला होता हो, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. त्यांचं पोट रोलवर होतं, तो कोण मारणार स्वतःच्या हाताने! निकॉन-कॅननचं तसं नव्हतं, त्यांना कॅमेरे आणि लेन्स विकायच्या होत्या, त्यामुळे निकॉनचा डिजिटल डी१ १९९९ मध्येच आला आणि २००३ मध्ये कॅननच्या ३००डी ने डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) हौशी लोकांच्या आवाक्यात आणला. मिररलेसच्या (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या) बाबतीत मात्र दोघांनी गाफीलपणा केला, सोनीचा फुलफ्रेम (रोलच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेला) ए७ आला २०१३ ला आणि यांचे आले २०१८ ला. आता बरोबरीला आलेत. आणि भावाला सांगा, सोनीचं अल्फा म्हणजे २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाकडून घेतलेलं घर आहे, म्हणजे तीही जुनीच कंपनी 😀

काचवाला: इतिहास राहू दे, आधी लेन्स बघ. तुझ्या दोन्ही लेन्समध्ये फोकसची मोटर नाहीये, ती बॉडीत लागते. निकॉनचा डी३५०० किंवा डी५६०० घेतलास तर फोकस हातानेच फिरवत बसशील, आणि निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावलास तरी तेच, उडता पक्षी विसर. सेकंडहँड डी७२०० किंवा डी७५०० बघ, दोन्हीत मोटर आहे आणि क्रॉप (लहान) सेन्सरमुळे ३०० एमएमचे ४५० सारखे दिसतील. शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस, डी७२०० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं आहे. ५० एमएमची अॅपर्चरची (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी) रिंग २२ वर नेऊन लॉक कर, नाहीतर स्क्रीनवर एरर येईल आणि तू लेन्सला शिव्या देशील.

चिंचोका: कॅमेरा कंपन्या फोटोत मागे नाहीत, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. माझ्या कॅमेऱ्याचं अॅप (कंपनीचं नाव घेत नाही) फोनला जोडेपर्यंत चहा होतो, मग तीन फोटो येतात आणि तुटतं. फोन बिचारा एका टिचकीत दहा फ्रेम जोडून रात्रीचा फोटो उजळवून आईच्या व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळा. मी शेवटी कार्ड रीडर घेतला.

रानभूल: काचवाला, मोटरचं माहीतच नव्हतं, परवा डी५६०० चे पैसे भरणारच होतो! आता डी७२०० शोधतो. ५० उजेडात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय, ही बुरशी का?

काचवाला: बुरशीच. बाकीच्या लेन्सपासून लांब ठेव आणि साफ करून घे, घरी उघडू नकोस. ७०-३०० पण बघ आतून.

रानभूल: बघितली, ती स्वच्छ आहे. तिच्या पिशवीत बाबांनी ओल शोषणारं सिलिका जेल टाकलं होतं, ५० च्या पिशवीतून मी लहानपणी खेळायला काढून घेतलं होतं बहुतेक.