आरसा खिडकीसमोर की बाजूला?

खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आरसा लावला की खोली उजळते, असं म्हणतात, ते अगदी बरोबर. पण त्याच आरशात तोंड बघायचं असेल तर पंचाईत होते. समोर उभं राहिलं की खिडकी पाठीशी येते. केसांच्या कडा लख्ख आणि चेहरा मात्र काळवंडलेला. वर्षभर तशीच दाढी केल्यावर आरसा बाजूच्या भिंतीवर, खिडकीला काटकोनात हलवला. आता उजेड गालावर पडतो, हनुवटीखाली राहिलेला केससुद्धा दिसतो.

समोरच ठेवणार असाल तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आरशावरून परतून कुठे पडतं ते आधी बघून घ्या. आमच्याकडे ते सोफ्याच्या एकाच हातावर पडायचं, तेवढंच कापड विटलं.