मदत हवी आहे: मनोऱ्याच्या फलकावरचा मजकूर (उद्या छपाई)

फलकवाला: आमच्या मंडळाचं यशवंतराव होळकरांवर प्रदर्शन आहे. मनोऱ्याचा फोटो लावलाय, खालच्या चार ओळी अडल्यात. कुणी म्हणतं होळकरांविरुद्धच्या लढाईचं स्मारक, कुणी म्हणतं नेपाळ युद्धाचं. नक्की काय? उद्या सकाळी फ्लेक्सवाल्याला फाईल द्यायचीय. नुसत्या लिंका नकोत, प्लीज.

सातारकर: कुठला मनोरा? कोरेगाव भीमाचा स्तंभ असेल तर ती लढाई 1 जानेवारी 1818 ची, समोर पेशव्यांची फौज. यशवंतराव 1811 सालीच वारले.

रिज_रोड: मला वाटतं दिल्लीचा अजितगड. 1863 मध्ये बांधला, 1857 ला दिल्लीत पडलेल्या कंपनीच्या बाजूच्या सैनिकांसाठी. जुन्या फलकांवर ज्यांना ‘शत्रू’ म्हटलंय ते स्वातंत्र्यासाठी लढले, असा नवा फलक 1972 मध्ये तिथेच लावलाय. प्रदर्शनात हे घ्याच.

फलकवाला: अहो, नेपाळ म्हटलंय ना वर? कोलकात्याचा, मैदानातला!

हावडा_मेल: मग शहीद मिनार. मूळचा ऑक्टरलोनी स्मारक, 1828 चा. दोन्ही बरोबर आहे, कारण स्मारक एका लढाईचं नाही, माणसाचं आहे. डेव्हिड ऑक्टरलोनी 1804 मध्ये दिल्लीचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी होता. ऑक्टोबरात होळकरांच्या फौजेने वेढा घातला. तट पडका, शिबंदी थोडी, तरी त्याने शहर आठवडाभर धरून ठेवलं. पुढे 1814-16 च्या नेपाळ युद्धात नाव कमावलं. 1825 ला मेरठला वारला, मग हा मनोरा. ‘होळकरांवर विजय’ असं लिहा.

इंदूरकर: अजिबात लिहू नका! वेढा उठला, कारण कंपनीचा सेनापती लेक याची फौज मथुरेकडून चालून आली. त्याच पावसाळ्यात होळकरांनी कंपनीच्या कर्नल मॉन्सनची पलटण राजस्थानातल्या मुकुंदरा खिंडीपासून आग्र्यापर्यंत पळवली होती, ते कोण सांगणार? युद्ध पुढे वर्षभर चाललं, डिसेंबर 1805 मध्ये होळकर आणि कंपनीत राजघाटचा तह झाला तेव्हा थांबलं. ‘दिल्लीचा वेढा परतवला’ एवढंच खरं.

हावडा_मेल: वेढा परतवला म्हणजे त्या लढाईपुरता विजयच की.

इंदूरकर: लढाईपुरता म्हणा. फलक वाचणारा शाळकरी पोरगा युद्ध हरले असंच समजेल. नोव्हेंबरात डीग आणि फर्रुखाबादला मार बसला, ते मी लपवत नाही. पण ते ऑक्टरलोनीचं काम नव्हे.

जिना_चढलेली: बाबांची बदली होती तेव्हा वर गेले होते. आत काळोख, गोल फिरणारा अरुंद जिना, दोनशेच्या वर पायऱ्या. वर दोन सज्जे, खाली धर्मतल्याच्या बसेसची रांग. चौथरा इजिप्ती धाटणीचा, खांब सीरियन, घुमट तुर्की. आता पोलिसांची परवानगी लागते, आधी अर्ज करून ठेवा.

फलकवाला: चढायचं नाहीये, छापायचंय. ‘दिल्लीचा वेढा परतवला’ घेतो, राजघाटचा तहही टाकतो. नाव कधी बदललं?

हावडा_मेल: ऑगस्ट 1969. पश्चिम बंगालच्या संयुक्त आघाडी सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांच्या नावे केलं. तिथेच 1931 मध्ये हिजलीच्या बंदी छावणीतल्या राजबंद्यांवरच्या गोळीबाराच्या निषेधसभेत रवींद्रनाथ बोलले होते.

रिज_रोड: तेही घ्या. अजितगडचा फोटो पाठवू का? शेजारी लावता येईल.

इंदूरकर: चार ओळी आहेत त्यांच्याकडे! आणि नुसतं ‘यशवंतराव’ छापू नका, ‘महाराजा यशवंतराव होळकर’ लिहा.