मेगर झकास आला, तरीही केबल पंक्चर. हे होतं कसं?

शिफ्ट_इंजिनिअर:

नमस्कार मंडळी. आमच्या प्लँटमध्ये ११ केव्हीचा एक फीडर आहे. १८५ स्क्वेअर मिमी, अ‍ॅल्युमिनियम, थ्री कोर, एक्सएलपीई (क्रॉसलिंक केलेल्या पॉलिइथिलीनचं इन्सुलेशन), आर्मर्ड. वय वीसच्या पुढे. बराचसा भाग जमिनीखालून जातो आणि ट्रेंचमध्ये पाणी साचलेलंच असतं. मागच्या शटडाऊनला ५ केव्हीचा मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) घेतला, तिन्ही फेजला दोन गिगाओहमच्या वर रीडिंग. पोलरायझेशन इंडेक्सही (दहा मिनिटांचं रीडिंग भागिले एका मिनिटाचं) बरा आला. काही आठवड्यांनी अर्थ फॉल्ट, बी फेज पंक्चर. जॉइंटमध्ये नाही, टर्मिनेशनमध्ये नाही, सलग केबलमध्ये. सोलून पाहिलं तर सुईने टोचल्यासारखं एक भोक आणि भोवती काळा डाग. लोड तेव्हा निम्मासुद्धा नव्हता.

साहेबांचं म्हणणं एकच, "मेगर नीट घेतला नसणार." मी स्वतः उभा होतो, लीड स्वच्छ होत्या, गार्डही लावला होता.

दोन प्रश्न. एक, असं होऊ शकतं का? दोन, जॉइंट मारल्यावर खात्रीसाठी डीसी हायपॉट (चढ्या डीसी व्होल्टेजची टेस्ट) करा असा हुकूम आहे. करू का?

पॅनलवाला:

स्विचिंग सर्ज (ब्रेकर उघड-बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका) आला असणार. व्हॅक्यूम ब्रेकर आहे का? लाइटनिंग अरेस्टर एकदा तपासा. वीस वर्षं चाललेली केबल अशी उगाच जात नाही.

टॅनडेल्टा_ताई:

शिफ्ट_इंजिनिअर, मेगर तुम्ही बरोबरच घेतला असणार. मेगरकडून ट्रीइंग (इन्सुलेशनमध्ये झुडपासारखं वाढणारं नुकसान) कळण्याची अपेक्षा ठेवणं म्हणजे वजनकाट्यावर उभं राहून रक्तदाब विचारणं. साहेबांना असंच सांगू नका म्हणा.

मी मीडियम व्होल्टेज केबलचं टेस्टिंग करते, हेच माझं रोजचं काम. पाण्यातली जुनी एक्सएलपीई, सलग केबलमध्ये बारीक भोक, भोवती फारसं जळलेलं नाही आणि मेगर उत्तम, हे चित्र वॉटर ट्रीचं आहे. पॉलिइथिलीनच्या केबलमध्ये हा प्रकार १९६० च्या दशकाच्या शेवटी लक्षात आला. तोवर सगळ्यांची समजूत अशी की प्लास्टिकला पाण्याचं काय भय!

होतं असं. शीथला कुठे खरचटलं की ओल आत शिरते. एक्सएलपीई पाणी शोषत नाही म्हणतात, पण थोडी वाफ त्यातून झिरपतेच. सेमीकॉनच्या (इन्सुलेशनला लागून असलेल्या अर्धवाहक) थरावर एखादा उंचवटा असेल किंवा इन्सुलेशनमध्ये धुळीचा कण असेल, तर तिथे विद्युतक्षेत्र एकवटतं. एसी व्होल्टेज आणि ओल दोन्ही मिळाले की त्या जागेतून पाण्याने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांचं झुडूप वाढायला लागतं. सेमीकॉनला चिकटून वाढतं ते व्हेंटेड ट्री. मधल्या कणापासून दोन्हीकडे वाढतं ते बो-टाय. ठिणगी नाही, आवाज नाही, उष्णता नाही. वर्षानुवर्षं नुसतं वाढत राहतं. लोडचा इथे संबंध नाही. इन्सुलेशनवर ताण असतो व्होल्टेजचा, आणि तो बिनलोडच्या केबललाही तेवढाच.

आता मेगरला हे का दिसत नाही. तुमच्या केबलचं इन्सुलेशन ३.४ मिमी जाडीचं असणार. समजा झुडूप २.९ मिमीपर्यंत पोचलंय. उरलं अर्धा मिमी निरोगी एक्सएलपीई, तेही केसाच्या जाडीएवढ्या क्षेत्रात. मेगरच्या करंटला जायचं असेल तर त्या अर्ध्या मिमीतूनच जावं लागणार, आणि तेवढ्याशा जागेचा रेझिस्टन्स मीटरच्या पल्ल्याच्या कितीतरी बाहेर. तुम्हाला दिसलेले दोन गिगाओहम बहुतेक टर्मिनेशनच्या पृष्ठभागाचे आणि एकूण लांबीचे. रोगट जागेने त्यात काही भरच घातली नाही. पोलरायझेशन इंडेक्सही मुळात मशीनच्या वाइंडिंगसाठीचा, एक्सएलपीईच्या बाबतीत त्यावरून काही ठरवू नये.

पॅनलवाल्यांचा सर्ज मी नाकारत नाही. वॉटर ट्री पूर्ण जाडी ओलांडून गेला तरी केबल चालू राहू शकते, ही त्यातली गंमत. शेवट करतो तो इलेक्ट्रिकल ट्री. वॉटर ट्रीच्या टोकाशी ताण इतका वाढलेला असतो की सर्जसारखं काही निमित्त झालं की तिथून खऱ्याखुऱ्या पोकळ नळ्या फुटायला लागतात, आणि त्यांत पार्शल डिस्चार्ज (पोकळीपुरत्या बारीक ठिणग्या) सुरू होतो. मग वर्षांचा हिशेब संपतो. कधी आठवडे, कधी तास. सर्ज आला असेलही, पण नव्या केबलने तो पचवला असता.

डीसी हायपॉट करू नका. यावर मी ठाम आहे. डीसी लावल्यावर चार्ज इन्सुलेशनमध्ये, विशेषतः ट्रीच्या आसपास, अडकून बसतो आणि टेस्ट संपली तरी लगेच निघत नाही. वरून एसी चालू केलं की त्याच जागी ताण आणखी वाढतो. टेस्ट पास, आणि चार्ज केल्यावर थोड्याच दिवसांत केबल गेली, असं त्यामुळे होतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ईपीआरआय या संशोधन संस्थेने हे तपासलं आणि जुन्या, ट्री झालेल्या एक्सएलपीईचं आयुष्य डीसी टेस्टने घटतं असंच निघालं. नव्या केबलला तसा धोका दिसला नाही. तुमची नवी नाही.

व्हीएलएफ (अगदी कमी फ्रीक्वेन्सीचा एसी टेस्ट सेट) मागवा, ०.१ हर्ट्झचा. ५० हर्ट्झलाच टेस्ट का नको, असं साहेब विचारतील. एक किलोमीटरला कपॅसिटन्स साधारण ०.४ मायक्रोफॅरड धरा. टेस्टच्या १९ केव्हीला ५० हर्ट्झवर चार्जिंगसाठी सुमारे ४५ केव्हीए लागतात, एवढा ट्रान्सफॉर्मर ट्रेंचपाशी कोण नेणार? ०.१ हर्ट्झवर तेच काम शंभर व्हीएच्या आत होतं. आणि व्होल्टेज उलटसुलट होत राहतं, त्यामुळे डीसीसारखा चार्ज साठत नाही.

जुना_जॉइंटर:

ताई, मान राखून सांगतो. आम्ही सगळी उमर डीसी हायपॉटच केलं. मिनिटाला लीकेज लिहायचं, वाढत नसेल तर केबल चालू. शेकडो केबल पास केल्या, नंतर चालल्याही.

टॅनडेल्टा_ताई:

काका, त्या बहुतेक पेपर-लेडच्या असणार. तेलात मुरलेल्या कागदाला डीसी चालतं, तिथे लीकेजचा आकडा बोलतोही. पद्धत त्या केबलसाठी बसलेली होती, एक्सएलपीई आली आणि टेस्ट किट तेच राहिलं. कागदाच्या केबलला तुम्ही डीसी लावलंत तर माझी हरकत नाही.

शिफ्ट_इंजिनिअर, नुसता व्हीएलएफ विदस्टँड करू नका, सोबत टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं माप) घ्या. विदस्टँड म्हणजे टिकली की गेली एवढंच. नव्या केबलला आयईसी या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे फेज व्होल्टेजच्या (फेज ते अर्थ, ६.३५ केव्ही) तिप्पट, म्हणजे तुमच्याकडे सुमारे १९ केव्ही, १५ मिनिटं. वीस वर्षांच्या केबलला मी एवढं लावणार नाही. लेव्हल कमी ठेवून वेळ वाढवते, अर्धा तास तरी. ०.१ हर्ट्झला इलेक्ट्रिकल ट्री सुरू झाला तर तो टेस्टमध्येच आरपार जायला हवा. अर्धवट वाढलेला सोडला तर टेस्टच उलटली म्हणायची.

टॅन डेल्टा फेज व्होल्टेजच्या निम्म्यावर, मग पूर्ण, मग दीडपट. पूर्ण व्होल्टेजला ०.००४ च्या आत असेल तर निवांत. ०.०५ च्या वर असेल तर बदलायची तयारी. मधल्या पट्ट्यात आकड्यापेक्षा चाल बघायची. व्होल्टेजसोबत टॅन डेल्टा चढत गेला की माझा संशय वॉटर ट्रीवर. व्होल्टेज स्थिर असताना आकडा मिनिटागणिक हलत राहिला, तर आधी जॉइंटमध्ये पाणी शिरलंय का ते बघते. तिन्ही फेज एकाच वयाच्या, एकाच ट्रेंचमधल्या, म्हणून एकमेकींशी ताडून पाहा. एक फेज वेगळी निघाली तर तिच्याकडे बोट.

पार्शल डिस्चार्जची टेस्ट वॉटर ट्री शोधायला चालत नाही, कारण त्यात डिस्चार्जच नसतो. ती जॉइंट आणि टर्मिनेशनसाठी.

रिवाइंडर:

मोटरवाल्यांकडून एक भर. आमच्याकडे उलटं असतं. हाय व्होल्टेज मोटरच्या कॉइलला अभ्रक असतो आणि तो पार्शल डिस्चार्ज वर्षानुवर्षं सोसतो. स्टेटर उघडला की स्लॉटच्या तोंडाशी पांढरी भुकटी आणि ओझोनचा वास, तरी मशीन चालू. तोच डिस्चार्ज ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सप्लायवर) चालणाऱ्या साध्या ४१५ व्होल्टच्या मोटरमध्ये सुरू झाला तर इनॅमल फार तग धरत नाही. ड्राइव्ह ते मोटर केबल लांब असली की पल्स परतून येते आणि मोटरच्या टोकाशी जवळपास दुप्पट होते. दोन शेजारच्या तारांमध्ये हवेची फट असली की झालं. पाशेनच्या नियमाप्रमाणे हवेत सुमारे ३३० व्होल्टच्या खाली स्पार्क पडत नाही, त्याच्या वर गेलात की सावध.

प्रश्न ताईंना: केबलच्या जॉइंटमध्ये केवढी फट चालते?

टॅनडेल्टा_ताई:

हिशेब करून बघू, मजा येते. शिफ्ट_इंजिनिअरच्या १८५ स्क्वेअरसारख्या केबलमध्ये कंडक्टरजवळ क्षेत्र साधारण २.२ केव्ही प्रति मिमी असतं, शिखराला ३.१. फट चपटी आणि क्षेत्राला आडवी असेल, तर तिच्यातलं क्षेत्र एक्सएलपीईच्या परमिटिव्हिटीच्या पटीत वाढतं, म्हणजे २.३ पट. झालं ७ केव्ही प्रति मिमी. हवेच्या ०.१ मिमी फटीला फुटायला सुमारे ९ लागतात, म्हणून ती गप्प बसेल. ०.२ मिमीला ७ च्या आसपास पुरतात, म्हणजे ती काठावर. ०.३ ची बोलायला लागणार. गोल बुडबुड्यात वाढ जेमतेम सव्वा पट, म्हणून तो बराच मोठा असल्याशिवाय काही करत नाही. कारखान्यातून आलेल्या केबलपेक्षा जॉइंटरची सुरी मला जास्त धोकादायक वाटते ती यामुळे. सेमीकॉन सोलताना इन्सुलेशनवर गोल कड पडली की तिथे चपटी फट तयार. काका, तुमच्या हातची पडत नसेल, पण सगळे तुमच्यासारखे नाहीत.

आणि फट एकदा बोलायला लागली की अर्ध्या सायकलला एकदा धरलं तरी सेकंदाला शंभर ठिणग्या, वर्षाला तीनशे कोटींच्या वर. प्रत्येक ठिणगी भिंतीचा कणभर भाग खाते, ओझोन आणि ओलीत आम्लं तयार होतात ती वेगळीच.

शिफ्ट_इंजिनिअर:

ताई, डोकं साफ झालं. व्हीएलएफची मागणी पाठवली आहे. एक सांगायचं राहिलं, उपयोगी आहे का बघा. आमची सिस्टीम अनअर्थ्ड आहे (न्यूट्रल अर्थला जोडलेला नाही), अर्थ फॉल्टला फक्त अलार्म येतो. या घटनेआधी दुसऱ्या फीडरवर आर फेजचा अर्थ फॉल्ट होता आणि प्रॉडक्शन थांबवायचं नाही म्हणून तो बराच वेळ तसाच चालवला. फॉल्टचा तुकडा मी ठेवलाय, स्क्रॅपमध्ये जाऊ दिला नाही.

टॅनडेल्टा_ताई:

उपयोगी? हीच तर मोठी गोष्ट. आर फेज अर्थला बसली की बाकी दोन फेज अर्थच्या तुलनेत ६.३५ वरून थेट ११ केव्हीला जातात, १.७३ पट. आणि फक्त त्या फीडरवर नाही, त्या बसवरच्या सगळ्या केबलवर. तुमच्या बी फेजवरसुद्धा.

एक्सएलपीईचं आयुष्य व्होल्टेजच्या घाताच्या व्यस्त प्रमाणात धरतात, घातांक साधारण ९ ते १२. ९ घेतला तर व्होल्टेज १० टक्के वाढलं की आयुष्य निम्म्याहूनही कमी, आणि १.७३ पटीला एक तास म्हणजे नेहमीचे सुमारे १४० तास. हे कोरड्या, निरोगी इन्सुलेशनचं गणित आहे. ट्री झालेल्या जागी नेमकं काय होतं ते असं सूत्रात बसत नाही, पण सवलत नक्कीच मिळत नाही. शिवाय ठिणगी मारत राहणारा अर्थ फॉल्ट सर्जही देतो, म्हणजे पॅनलवाल्यांचा अंदाजही जागेवर.

केबलची खरेदी कागदपत्रं काढा. आयईसीत यासाठी श्रेणी आहेत. 'ए' म्हणजे अर्थ फॉल्ट एका मिनिटात तोडायचा. 'बी'ला साधारण तासभर, ठरावीक परिस्थितीत आठ तासांपर्यंत. त्यापुढे 'सी', तिथे वरच्या व्होल्टेजची केबल घ्यावी लागते. ६.३५/११ ची केबल लावून अलार्मवर दिवस दिवस चालवत असाल, तर मेगर कोणी कसा घेतला हा मुद्दाच राहत नाही.

तुकडा ठेवलात ते फार चांगलं केलंत. भोकाचा करपलेला भाग सोडा, त्यात काही उरलेलं नसतं. त्याच्या शेजारून, वीतभर अंतरावरून, त्याच कोरचा तुकडा घ्या आणि धारदार पात्याने अर्ध्या मिमीच्या चकत्या काढा. कोरड्या चकतीत वॉटर ट्री दिसत नाही, पाणी उडालं की तो लपतो. मिथिलीन ब्लूच्या द्रावणात थोडा सोडा घालून, सत्तरेक अंशांवर चकत्या काही तास ठेवा, मग धुऊन उजेडासमोर धरा. ट्री असेल तर सेमीकॉनच्या कडेपासून निघालेली निळी झुडपं दिसतील, भिंगाने तर फांद्याही. आर आणि वाय फेजच्या चकत्या सोबत करा. त्यांतही झुडपं मोठी असतील तर एक जॉइंट मारून भागणार नाही, तेवढी लांबी काढायचं बोला. साहेबांना चकतीच दाखवा.

आणि जॉइंट मारण्याआधी दोन्ही टोकांच्या कंडक्टरच्या तारा उलगडून आत ओल आहे का ते बघा. फॉल्टनंतर टोक पाण्यात पडून राहिलं असेल तर तारांमधून पाणी लांबवर जातं. ओल दिसली तर कोरडी तार लागेपर्यंत मागे कापत जा, मगच स्लीव्ह चढवा.