विज्ञानकथा की अद्भुतकथा? वाचनमंडळासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि गेल्या जूनपासून गावच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी आठवी-नववीच्या मुलांचे वाचनमंडळ चालवते. चौदा मुले नियमित येतात. मी एक कथा मोठ्याने वाचते आणि मग तिच्यावर बोलणे होते, एवढाच कार्यक्रम असतो. आजवर निवडलेल्या बहुतेक कथा विज्ञानकथा होत्या, कारण मला त्याच आवडतात, आणि ही आवड योग्यच आहे असे मी इतकी वर्षे गृहीत धरले होते. आता तिच्याविषयीच प्रश्न पडला आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचायला घेतली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले असतात, कारण विश्वासरावांना गोळी लागलेलीच नसते. परत आल्यावर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? पण त्या जगातल्या बखरीचे फाटलेले पान त्यांच्यापाशी असते, आणि मग त्यांचा मित्र आधुनिक भौतिकशास्त्राच्या आधारे या सगळ्याचा उलगडा करतो.

वाचनालयाची प्रत जुनी, कापडी बांधणीची. कथा मला जवळजवळ पाठ असल्यामुळे मी ती आधी चाळून पाहिली नव्हती. बखरीचे पान बाहेर निघाले, मुले श्वास रोखून ऐकत होती, मी पान उलटले आणि हाताला पुठ्ठाच लागला. शेवटची पाने गळून गेली होती. मी म्हटले, हरकत नाही, पुढचा उलगडा मी तोंडी सांगते. तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, राहू द्या ना. खिशातलं पान आहे की त्यांच्याकडे, तेवढं पुरे.” मी हात वर करायला सांगितले. चौदापैकी नऊ मुलांना उलगडा नको होता. ज्या पाच जणांना हवा होता, त्यांच्यातला एक मुलगा तळमळून म्हणाला, “पण मग ही भुताची गोष्ट झाली!” त्यावर तीच मुलगी म्हणाली, “गोष्ट तर तीच आहे. दोन पानं नसली म्हणून ती फॅण्टसी झाली का?”

मला उत्तर देता आले नाही, आणि घरी आल्यावरही ते सापडले नाही.

माझी समजूत अशी होती की विज्ञानकथा म्हणजे जे घडू शकते ते आणि अद्भुतकथा म्हणजे जे कधीच घडू शकत नाही ते, आणि मला पहिले प्रिय आहे. परंतु प्रामाणिकपणे पाहिले, तर मला विज्ञानकथेत नेमके काय सुखावते? नारळीकरांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेच्या वेळी मी ट्रेसिंग पेपरची लांब पट्टी कापली, तिला अर्धा पीळ दिला आणि टोके डिंकाने चिकटवली. या मोबियस पट्टीवर उजव्या हाताचा छाप काढून तोच पुढे पुढे गिरवत नेला, तर एक फेरी पूर्ण होताच पहिल्या छापाशेजारी आरपार दिसतो तो डावा हात असतो. एका मुलाने ती पट्टी खिडकीशी धरून तीन वेळा तपासली. कथेतल्या गणपतीची सोंड उलटी का झाली, हे त्याला बोटांनी कळले होते. तो क्षण मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा आणि उडत्या घोड्यापेक्षा मोठा वाटतो.

म्हणजे मला ‘शक्यता’ आवडते, की ‘नियम’ आवडतो? माणूस अवकाशात पीळ ओलांडून आरशातल्यासारखा उलटा होऊन येईल, हे घडण्याची शक्यता मला तरी दिसत नाही. तरीही मी ती कथा मान्य करते, कारण तिने एक नियम घेतला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

आता याच कसोटीवर विक्रम-वेताळ ठेवून पाहा. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होणार. आणि तो बोलला, तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाणार. राजा जितका शहाणा, तितका त्याचा फेरा लांबणार. वेताळपंचविशीतल्या कथा या दोन अटींच्या कात्रीवर उभ्या आहेत आणि त्यांत ढिलाई कुठेच नाही. लहानपणी चांदोबा हाती पडला की मी आधी याच गोष्टीचे पान शोधत असे. हे मला इतक्या वर्षांनी आठवले, आणि विज्ञानकथेची माझी आवड तिथेच रुजली असावी असे आता वाटते.

भरताने नाट्यशास्त्रात अद्भुत रस सांगितला आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेला भाव, मानला. तो विस्मय कृष्णविवरातून आला की वेताळातून, याने रसात फरक पडत नाही. मग आपल्याकडे एका प्रकाराला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला बालवाङ्मयाचा कोपरा असे का झाले? मराठी कादंबरीच्या आरंभी तर अद्भुताचीच चलती होती: ‘मुक्तामाला’ १८६१ मधली, ‘मंजुघोषा’ १८६८ मधली. पुढे १८८५ पासून हरिभाऊ आपटे यांनी सामाजिक वास्तवाची वाट रुळवली आणि अद्भुत मागे पडले. विज्ञानकथेला मात्र नंतर दार मिळाले. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा घेतल्या, आणि १९७४ साली नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवून पारितोषिक मिळवले, हे अनेकांना ठाऊक असेल. अद्भुतकथेसाठी असे दार कुणी उघडलेले मला दिसत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

माझे मागणे दोन गोष्टींपुरते आहे. पहिली: तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एका बैठकीत वाचून दाखवता येईल, जिच्यातील जादूला कडक अट किंवा किंमत असेल, अशी मूळ मराठी अद्भुतकथा कुणाला ठाऊक आहे का? अनुवाद मुले आपापले वाचतातच. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: त्या मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? विज्ञानकथाच श्रेष्ठ, असे सांगून तिला गप्प करण्याची माझी इच्छा नाही. पण ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय मिटवणेही मला शिक्षिका म्हणून पटत नाही.

प्रतिसाद

आपण नियमापर्यंत आलाच आहात, तर आणखी एक पाऊल टाकून मुलांना असे विचारून पाहावे: तो नियम आला कुठून? मोबियस पट्टीचा नियम कथेबाहेरही खरा आहे, म्हणून आपला विद्यार्थी तो खिडकीशी धरून तपासू शकला. वेताळाची अट फक्त कथेच्या आत खरी आहे. ती तपासायची तर पुढची गोष्ट वाचावी लागते. मला स्वतःला अद्भुतकथा अधिक आवडते, ती याचसाठी: लेखकाला बाहेरचा साक्षीदार नसतो, सगळा भरवसा त्याने स्वतःच्या शब्दांवर निर्माण करायचा असतो.

त्या मुलीला म्हणूनच माझे उत्तर ‘होय’ असे राहील. ती दोन पाने नसतील, तर कथा कथेबाहेरची साक्ष काढत नाही, आणि म्हणून ती अद्भुतकथा होते. तिचे मोल मात्र तेवढ्याने घटत नाही.

कथेविषयी सांगायचे तर छापील पुस्तकाआधी मुलांच्या आज्या-पणज्यांकडे वळावे. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये वसा घेणे, उतणे-मातणे आणि वसा टाकल्याचे फळ, अशी अट आणि किंमत दोन्ही स्पष्ट असतात. प्रत्येक मुलाने घरून एक कहाणी ऐकून आणावी.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ हे शब्द दर श्रावणात कानी पडत होते, पण ही जादूची अट आहे या दृष्टीने मी त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते. मुलांना या शनिवारीच सांगते.

‘नियम कुठून आला’ हा प्रश्न मी फळ्यावर लिहीन. मात्र आपल्या उत्तरातल्या एका गोष्टीशी मी अजून सहमत नाही. बाहेरची साक्ष नसताना भरवसा निर्माण करणे अवघड आहे हे खरे, पण बाहेरची साक्ष असतानाही ती गोष्टीत विरघळवणे तितकेच अवघड आहे, आणि उलगड्याची पाने रुक्ष झाली की विज्ञानकथा नेमकी तिथे पडते. मुलांनी उलगडा नाकारला, त्यात माझ्या आधीच्या अनेक कंटाळवाण्या उलगड्यांचाही वाटा असू शकेल.

जिल्ह्याच्या ग्रंथालयातून मी त्या पुस्तकाची पूर्ण प्रत मागवली आहे. शनिवारी ज्या पाच जणांना उलगडा हवा होता त्यांनी, आणि ज्या नऊ जणांना तो नको होता त्यांनीही, बखरीच्या पानापासून पुढची दोन पाने स्वतः लिहायची आहेत. सगळ्यांचे वाचून झाल्यावर मी मूळ पाने वाचीन, ती हाताने उतरवून घेईन आणि आमच्या प्रतीला जोडीन.