पश्चात्ताप नेमका कशाचा?
काही जण म्हणतात की चर्चच्या लेखी समलिंगी असणं हेच पाप, आणि त्याचाच पश्चात्ताप करायचा. कॅथलिकांपुरतं तरी हे बरोबर नाही. १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षण ग्रंथात समलिंगी ओढ वेगळी आणि लैंगिक कृती वेगळी धरली आहे. पाप कृतीत. अशा माणसांशी आदराने वागा, अन्यायाने भेदभाव करू नका, हेही तिथेच आहे. (ओढीलाही चर्च सरळ मानत नाही, पण तिला पाप म्हणत नाही.)

पण मग एखाद्या समलिंगी जोडप्यातल्या दोघांनी वीस वर्षं एकमेकांची दुखणीखुपणी काढली, त्याचाही पश्चात्ताप करायचा? इथे मला चर्चचं उत्तर तोकडं वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना आशीर्वादाची मुभा दिली, फक्त तो लग्नविधीसारखा दिसता कामा नये. जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या बिशपांनी तेवढंही नको म्हटलं.