अनुभव धागा: इंजिनिअरिंग फिजिक्स केलंत? मग पुढे?

रानजाई: भाचीला जोसाच्या (आयआयटी वगैरेंच्या प्रवेशाच्या) फेरीत इंजिनिअरिंग फिजिक्सची सीट लागली आणि ताईचा चेहरा पडला. "म्हणजे पुढे क्लासेसमध्ये शिकवणार का?" माझ्या वेळी बाबांनी हेच विचारलं होतं. मी पवईला, आयआयटीत हेच शिकले. लॅबमध्ये म्युऑन नावाच्या अल्पायुषी कणाचं आयुष्य मोजायचो. आकाशातून आलेला म्युऑन सिंटिलेटरमध्ये (कण शिरला की चमकणारा पदार्थ) थांबला की एक चमक, मोडला की दुसरी. मधला वेळ यंत्र रात्रभर नोंदवत बसायचं. सकाळी आलेख काढला, उत्तर २.२ मायक्रोसेकंदांच्या जवळ आलं, अंगावर काटा आला! आता सेन्सर बनवते. तुम्ही कुठे पोचलात ते लिहा, ताईला वाचून दाखवणार आहे.

दगडफूल: वेल्डहोवन, नेदरलँड्स. एएसएमएल, चिप छापायची यंत्रं बनवणारी कंपनी. चिपवर रेघा छापायला १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. वितळलेल्या कथिलाचे थेंब, सेकंदाला ५० हजार, प्रत्येकावर लेझर, की त्याचा प्लाझ्मा म्हणजे तापलेला, विद्युतभारित वायू होतो आणि हा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा आणि काचही गिळते, म्हणून सगळं निर्वातात आणि भिंगांऐवजी आरसे. ऑप्टिक्स, प्लाझ्मा, क्वांटम, कॉलेजातलं सगळं रोज लागतं. लेकाला पोहायला आणलंय, बाकी नंतर.

मुळामुठा: खोडदची जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण!! ४५ मीटरच्या ३० डिश. उन्हाळी प्रोजेक्टमध्ये पल्सारचा (गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याचा) सिग्नल शोधताना कळलं की खरी मारामारी आसपासच्या विजेच्या तारा आणि मोबाइलच्या गोंगाटाशी आहे. तो गोंगाट गाळायला शिकलो, आज हवामान रडारवर तेच करतो. आणि नारायणगावची मिसळ, अहाहा.

सांजवात: मिसळ स्टँडजवळची का?

मुळामुठा: हो हो, पण सकाळीच जा, ११ नंतर तर्री संपते.

चकवा: प्लेसमेंटचंही सांगतो, ताईंना खरं कळायला हवं. एका कंपनीच्या फॉर्ममध्ये आमची शाखाच नव्हती. सीपीआय (परीक्षांची सरासरी) चांगला असून अर्ज करता आला नाही, फार लागलं होतं. भाचीला सांगा, दुसऱ्या वर्षापासून पायथन आणि इलेक्ट्रॉनिक्स सोडू नकोस, सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत जा. माझ्या बॅचचे बरेच जण डेटा सायन्समध्ये गेले, काही पीएचडीला. मी स्वतः क्वांटम कम्युनिकेशनमध्ये.

सांजवात: मी बीटेक नाही, एमएस्सी फिजिक्स, मग बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट आहे. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी लिनॅकचा (किरणोपचाराच्या मशीनचा) डोस मोजायचा. आकडा मर्यादेबाहेर गेला तर मशीन थांबवायचं, बाहेर कितीही रांग असो. पेशंटला आमचं नाव माहीत नसतं. तरी हे काम मला जीवापाड आवडतं. कुकर झाला, जाते.

पळसफूल: आमच्या औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतंय! ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्राची अंतिम मंजुरी २०२३ ची. भाची शिकून येईपर्यंत लेझर, व्हॅक्यूमवाली माणसं लागतीलच. हिंगोलीत राहायची सोय मी बघते.

रानजाई: पळसफूलताई, ताई पहिल्यांदा हसली बघा! चकवा, तुमचा मुद्दा वहीत लिहून घेतला तिने. दगडफूल, भाची विचारतेय, थेंबावर लेझर एकदाच मारतात का?

दगडफूल: शाब्बास! दोनदा. आधी हलका, त्याने थेंब थालीपिठासारखा चपटा होतो. मग मोठा, त्याने प्लाझ्मा. चपट्या थेंबाला लेझरची ऊर्जा जास्त पकडता येते. तिला मला व्यनि (खासगी निरोप) करायला सांग, लेक पाण्याबाहेर आलाय.